कऱ्हे घाटातला 'र'

पुण्याहून नाशिककडे जाताना संगमनेर मागे पडले की कऱ्हे घाट लागतो. त्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंत सरकारदप्तरी अहमदनगर असलेल्या जिल्ह्यात, शेवगाव तालुक्यात कऱ्हेटाकळी नावाचे गाव आहे. ही दोन नावे संगणकावर शोधू लागलो की एक गंमत दिसते. काही ठिकाणी ती नीट लिहिलेली असतात, तर काही ठिकाणी 'कर्हे' आणि 'कर्हेटाकळी' अशी, ह च्या डोक्यावर रफार चढवलेली. हे चुकले आहे, हे चौथीतला मुलगाही सांगेल. पण ते कोणी चुकवले? लिहिणाऱ्याने, छापणाऱ्याने, की मधल्या यंत्राने? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला लिपी, संगणक आणि एकमेकांना कधीही न भेटलेल्या हौशी तंत्रज्ञांच्या पत्रव्यवहारापर्यंत जावे लागते.

आधी 'र' पाहू. हे अक्षर मराठीत किती रूपे घेते, हे शिकवायला नगर जिल्ह्याचा नकाशा पुरेसा आहे. राहुरीत आणि पारनेरात तो पूर्ण आहे. शिर्डी, पाथर्डी आणि १७९५ च्या लढाईचे खर्डा, या तिन्हींत तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. प्रवरेत तो प च्या पोटात तिरकी रेघ होतो. श्रीगोंद्यात श शी असा एकजीव होतो की वेगळा काढता येत नाही. जिल्ह्याबाहेर येऊन 'महाराष्ट्र' लिहिले तर ट च्या खाली कोन होऊन उभा राहतो. आणि कऱ्हे घाटात तो ह च्या आधी, रेषेवरच, पापणीच्या आकाराची छोटी वक्ररेघ होऊन येतो. इंग्रजीत तंत्रज्ञ त्याला 'आयलॅश' म्हणजे पापणीच म्हणतात. आपणही या लेखापुरते त्याला 'पापणीचा र' म्हणू.

हे रूप केवळ शोभेचे नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. 'आचार्यांनी' सांगितले आणि 'आचाऱ्यांनी' सांगितले यांत गुरुकुल आणि भटारखाना एवढे अंतर आहे. उच्चारही वेगळा आहे. रफार आला की आधीच्या अक्षरावर आघात येतो. वृत्त शिकवताना 'दर्या'मधला द आपण गुरू धरतो. 'दऱ्या'मध्ये तसा आघात येत नाही, तेथे द लघूच राहतो. मराठीत पापणीचा र मुख्यतः य आणि ह यांच्या आधी येतो: शेतकऱ्यांना, वाऱ्यावर, तऱ्हा, गऱ्हाणे. म्हणजे मराठी वर्तमानपत्राच्या एका पानावर तो किती वेळा येत असेल याचा अंदाज वर्गात मुलांनाच मोजून घेता येईल. संस्कृतला याची गरज पडत नाही, हिंदीलाही नाही. नेपाळीला पडते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

संगणकाला आकार कळत नाही, क्रम कळतो

संगणकात अक्षरे साठवली जात नाहीत, क्रमांक साठवले जातात. हे वाक्य आपण सर्वांनी शिकवले आहे. मात्र कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, हे कोणीतरी ठरवावे लागते. बरीच वर्षे मराठीत हे ज्याने त्याने आपापले ठरवले होते. प्रत्येक कंपनीच्या टंकात म्हणजे फॉन्टमध्ये आकारांना आपापले क्रमांक होते, म्हणून एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की मराठीचा चिवडा होई. ज्यांनी त्या काळात शाळेची प्रश्नपत्रिका एका संगणकावर टंकून दुसऱ्यावर छापायचा प्रयत्न केला, त्यांना हे अधिक सांगायला नको.

यावर दोन पायऱ्यांनी उपाय झाला. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये 'इस्की' हे मानक प्रसिद्ध केले. त्यात ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व भारतीय लिपींसाठी एकच सामाईक मांडणी होती. त्यामागचा विचार सुंदर होता: आकार साठवू नका, वर्ण आणि त्यांचा क्रम साठवा; आकार काय काढायचा ते संगणक ठरवील. 'शिर्डी' साठवायचे तर र, मग पाय मोडण्याची खूण म्हणजे हलंत, मग ड. पाय मोडलेल्या र च्या पुढे व्यंजन दिसले की संगणक त्यावर रफार काढतो. 'प्रवरा' साठवायचे तर प, हलंत, र. आता र शेवटी आहे, म्हणून तिरकी रेघ. र तोच, खूण तीच, फक्त क्रम वेगळा. पुढे जगातल्या सर्व लिपींना सामावून घेणारे 'युनिकोड' हे मानक आले. त्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर बेतलेला आहे, त्यामुळे हाच नियम तेथेही आला.

आता 'अर्हता' हा शब्द घ्या. शैक्षणिक अर्हता या शब्दाशी आपला रोजचा संबंध. त्यात र, हलंत, ह असा क्रम आहे आणि रफार बरोबर आहे. आणि 'कऱ्हे'? त्यातही र, हलंत, ह. क्रम तोच, आकार मात्र वेगळा हवा. क्रमावरून आकार ठरवण्याचा सुंदर नियम येथे अडतो. एकाच क्रमाला दोन उत्तरे आहेत आणि कोणते हवे हे संगणकाला कळायला वाव नाही. संस्कृत किंवा हिंदी डोळ्यांपुढे ठेवून नियम केला तर ही अडचण दिसणारच नाही. ती मराठीच्या बाजूने पाहिल्यावरच दिसते.

यातून दोन वाटा निघाल्या, आणि दुर्दैवाने दोन्ही चालू राहिल्या.

पहिली वाट इस्कीची. सामाईक मांडणीत दक्षिणेतल्या लिपींसाठी एक 'कठोर र' ठेवलेला होता. तमिळमधला ற हा वर्ण देवनागरीत लिहायचा झाला तर त्यासाठी र खाली नुक्ता देऊन 'ऱ' लिहितात, तोच हा. या कठोर र चा पाय मोडला की पापणी काढायची, असे ठरले. म्हणजे मराठीच्या अर्ध्या र ला दाक्षिणात्य र च्या घरात पोटभाडेकरू म्हणून जागा मिळाली! कल्पक तोडगा खरा, पण ज्याला माहीत नाही त्याला सुचणे अशक्य. दुसरी वाट १९९६ च्या युनिकोड २.० मधली: साधा र, हलंत, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण. ही खूण छापली जात नाही. ती फक्त संगणकाला सांगते की 'येथे रफार करू नकोस, अर्धे रूप दाखव'. युनिकोडच्या आजच्या नियमांत इस्कीला अनुसरून पहिली वाट मुख्य मानली आहे आणि दुसरी जुन्या मजकुराच्या सोयीसाठी कायम ठेवली आहे.

क्रमांक मांडून पाहिले की फरक डोळ्यांसमोर येतो. युनिकोडमध्ये (नेहमीच्या दशमान पद्धतीत सांगायचे तर) क चा क्रमांक २३२५, साध्या र चा २३५२, कठोर ऱ चा २३५३, ह चा २३६१, एका मात्रेचा २३७५, हलंताचा २३८१ आणि अदृश्य जोडखुणेचा ८२०५. पहिल्या वाटेने कऱ्हे म्हणजे २३२५, २३५३, २३८१, २३६१, २३७५. दुसऱ्या वाटेने २३२५, २३५२, २३८१, ८२०५, २३६१, २३७५. कागदावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे. आत एक पाच क्रमांकांचा, दुसरा सहा.

आता या सहापैकी ८२०५ गळाला तर काय उरते? २३२५, २३५२, २३८१, २३६१, २३७५, म्हणजे 'कर्हे'. रफारवाला! आणि तो गळतो. माहिती भरून घेणारे काही कार्यक्रम न दिसणाऱ्या खुणा निरुपयोगी समजून काढून टाकतात. संकेतस्थळांच्या नावांसाठी २००३ मध्ये झालेल्या नियमांत तर ही जोडखूण गाळूनच टाकायची होती. पुढच्या आवृत्तीत ती काही अटींवर परत आली. कऱ्हे घाटाच्या नावावर रफार चढण्याचे हे एक खात्रीचे कारण आहे. लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलेले असते, वाटेत कोणीतरी 'स्वच्छता' करतो.

दुसरा त्रास अधिक छुपा आहे. एखाद्या यादीत कुऱ्हाडे आडनावाची मुलगी पहिल्या वाटेने नोंदली गेली आणि दुसऱ्या यादीत दुसऱ्या वाटेने, तर क्रमांकाला क्रमांक लावून तुलना करणारा कार्यक्रम 'नाव जुळत नाही' म्हणेल. लेखनिक दोन्ही कागद समोर धरून शपथेवर सांगेल की अक्षरन् अक्षर एक आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर. काही शोधयंत्रे असे फरक समजून दुर्लक्षितात, पण सगळी नाहीत. याच जिल्ह्यातल्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि पुढे तिच्या पोथ्यांत पाठभेद शिरले, म्हणून शके १५०६ मध्ये एकनाथांनी पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. तेथे पाठभेद निदान डोळ्यांना दिसत होते.

चूक कोणाची, हे एकट्याला कळत नाही

मानकात नियम लिहिला म्हणजे काम झाले असे नाही. 'कऱ्हे' पडद्यावर नीट उमटायला चार जणांनी आपापले काम नीट करावे लागते. कळफलकाच्या कार्यक्रमाने योग्य क्रमांक पाठवायचे. (इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह र ची कळ दाबली की कठोर ऱ मिळतो.) मधल्या कार्यक्रमांनी ते न गाळता पुढे द्यायचे. क्रमावरून आकार ठरवणाऱ्या भागाने पापणी मागायची. आणि फॉन्टमध्ये ती पापणी काढलेली असायची. हे चार भाग चार वेगवेगळ्या गटांनी, बहुधा चार देशांत बसून बनवलेले असतात. पडद्यावर रफार दिसला तर चौघांपैकी कोण चुकला हे वापरणाऱ्याला कळत नाही, आणि चौघांपैकी एकालाही 'कऱ्हे' कसे दिसायला हवे हे ठाऊक असेलच असे नाही. जो वापरतो त्याला चूक दिसते पण कारण दिसत नाही. जो बनवतो त्याला कारण शोधता येते पण चूक दिसत नाही. या दोघांना एकत्र बोलायला जागा हवी. ती जागा म्हणजे तंत्रज्ञानाच्या हौशी मंडळींच्या मेलिंग लिस्ट.

मेलिंग लिस्ट म्हणजे एक सामाईक पत्ता. सभासदाने त्या पत्त्यावर एक ई-पत्र टाकले की तेथला संगणक त्याच्या प्रती काढून यादीतल्या प्रत्येकाला पाठवतो आणि एक प्रत दप्तरात ठेवतो. इतकेच. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या आर्पानेटवर १९७५ मध्येच 'मेसेज ग्रुप' नावाची यादी चालू झाली होती, आणि तिच्यात चर्चा होती ती ई-पत्रे कशी असावीत याचीच. १९८६ मध्ये 'लिस्टसर्व्ह' या कार्यक्रमाने याद्यांची सभासदनोंदणी आपोआप होऊ लागली. त्याच वर्षी भारतात विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांना जोडणारे 'अर्नेट' सुरू झाले. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून, आणि तेही आधी मोठ्या शहरांत. जेथे सेवा नव्हती तेथून एसटीडी लावून शहरातल्या क्रमांकावर जोडून घ्यावे लागे आणि मिनिटागणिक पैसे पडत. अशा वेळी ई-पत्रांची सोय मोठी होती: जोडा, पत्रे उतरवून घ्या, तोडा, आणि मग निवांत वाचा.

पत्रांचा गुंता होत नाही यालाही एक साधी युक्ती आहे. प्रत्येक ई-पत्राला जगात एकमेव असा ओळखक्रमांक असतो आणि उत्तराच्या आत 'मी अमुक क्रमांकाच्या पत्राचे उत्तर आहे' अशी नोंद असते. या नोंदी जोडत गेले की प्रश्न, त्याची उत्तरे, उत्तरांवरचे आक्षेप अशी वंशावळ तयार होते. दहा वर्षांनी आलेला माणूसही ती मुळापासून वाचू शकतो.

याच रचनेत एक धोका दडलेला आहे, आणि तो गणिताच्या तासाला उपयोगी पडेल. समजा ४०० सभासदांच्या यादीतला एक जण सुटीवर गेला आणि 'मी रजेवर आहे' असे आपोआप उत्तर देणारी सोय चालू करून गेला. यादीचे पत्र आले की त्याचे उत्तर यादीला जाते. यादी ते ४०० जणांना पाठवते, त्यात तो स्वतःही असतो. मग पुन्हा उत्तर. फेरीला एक मिनिट लागले तर आठ तासांच्या रात्रीत ४८० पत्रे, म्हणजे १,९२,००० प्रती. आता असे रजेवरचे सभासद दोन आहेत असे धरा. प्रत्येक पत्राला दोन उत्तरे, त्या प्रत्येकाला पुन्हा दोन. दहाव्या फेरीत १,०२४ पत्रे. पहिली वाढ सरळ रेषेची, दुसरी दामदुपटीची. म्हणून यादीचे कार्यक्रम पत्रावर 'हे यादीचे पत्र आहे' अशी खूण करतात आणि शहाणी स्वयंचलित उत्तरे ती पाहून गप्प बसतात.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने अशाच एका चर्चागटात आपण हौसेखातर संगणकाची कार्यप्रणाली लिहीत असल्याचे कळवले आणि लोकांच्या सूचना मागितल्या. त्यातून लिनक्स उभे राहिले. तिचा आतला मजकूर कोणालाही वाचता आणि बदलता येतो, म्हणून भारतीय भाषांच्या हौशी मंडळींना तेथे शिरकाव मिळाला. पुणे आणि मुंबई येथे लिनक्स वापरणाऱ्यांचे गट आणि त्यांच्या याद्या झाल्या. २००० च्या सुमारास सुरू झालेल्या इंडलिनक्स प्रकल्पाने भारतीय भाषांतून लिनक्स आणायचे काम हाती घेतले. रेड हॅट या कंपनीने 'लोहित' हे फॉन्ट खुले केले, आणि तिच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी मराठीकरणाचे बरेच काम केले. युनिकोडची स्वतःचीही सार्वजनिक यादी होती, भारतीय लिपींसाठी वेगळी यादी होती, आणि पापणीच्या र बद्दलचे प्रश्न अशा चर्चांतून निघत राहिले.

चांगला प्रश्न कसा असतो

या याद्यांकडून विज्ञानशिक्षकाने घ्यावी अशी गोष्ट म्हणजे तेथली प्रश्न विचारण्याची शिस्त. समजा कोपरगावच्या एका शिक्षिकेने लिहिले, 'मराठी नीट दिसत नाही, कृपया तातडीने मदत करा.' उत्तर येणार नाही, किंवा आलेच तर खोचक येईल. आता तिने असे लिहिले असे समजा: 'अमुक कार्यप्रणाली, अमुक आवृत्ती. इनस्क्रिप्ट कळफलकावर क, शिफ्ट-र, हलंत, ह आणि एक मात्रा एवढेच टंकले. पापणीचा र अपेक्षित होता. अमुक फॉन्टमध्ये तो दिसतो, तमुक फॉन्टमध्ये पाय मोडलेला नुक्तेवाला र दिसतो. दोन्हींची चित्रे सोबत आहेत.' या पत्रातच अर्धे उत्तर आहे. फक्त फॉन्ट बदलल्यावर फरक पडला, बाकी सर्व तेच राहिले, म्हणजे कळफलक आणि मधले कार्यक्रम सुटले, संशय फॉन्टवर. प्रयोगवहीत आपण साहित्य, कृती, निरीक्षण लिहायला लावतो आणि एका वेळी एकच घटक बदलायला सांगतो, ते नेमके हेच. दूर बसलेल्या अनोळखी माणसाला तोच दोष आपल्या टेबलावर पुन्हा घडवून पाहता आला पाहिजे.

मात्र या जगाचे सगळेच वाखाणण्यासारखे नव्हते. नवख्याला 'आधी जुनी पत्रे वाचा' असे फटकारण्याची तेथे खोड होती. सगळा व्यवहार इंग्रजीत चाले. आमच्या मते त्याची किंमत मराठीने मोजली. कऱ्हे आणि अर्हता यांतला फरक ज्यांच्या हाडीमासी भिनलेला होता ते मराठीचे शिक्षक, मुद्रितशोधक, जुळारी त्या चर्चेत जवळजवळ नव्हते. आणि जे होते त्यांतल्या अनेकांना आधी हा फरक समजावून द्यावा लागे. नेपाळीतही हेच अक्षर लागते, हे माहीत असते तर दोन्ही भाषांच्या लोकांनी मिळून आवाज उठवला असता, असेही वाटते.

आणि दप्तराचे काय? मराठी मंडळींचे पुष्कळ गट याहू ग्रुप्सवर होते, कारण ते फुकट आणि सोपे होते. याहूने २०१९ च्या अखेरीपासून तेथला जुना मजकूर काढून टाकायला सुरुवात केली आणि १५ डिसेंबर २०२० ला ती सेवाच बंद केली. ज्यांनी वेळेत प्रती उतरवून घेतल्या त्यांचे उरले, बाकीचे गेले. याउलट अनेक खुल्या प्रकल्पांची जुनी पत्रे आजही वाचता येतात, कारण दप्तर एका कंपनीच्या हाती नव्हते आणि त्याच्या प्रती अनेकांकडे होत्या.

आज शिक्षकांची तंत्रचर्चा बहुतेक व्हॉट्सॲपच्या गटांत होते. जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक तेथे एकमेकांना खरोखर मदत करतात, अर्ध्या तासात उत्तर मिळते, मराठीतून मिळते, आणि नवख्याला कोणी फटकारत नाही. मेलिंग लिस्टला हे कधी जमले नाही. पण गटाबाहेरच्याला ती उत्तरे शोधता येत नाहीत, गटात २०२२ पासूनच्या मर्यादेनुसार १,०२४ सभासदच मावतात, आणि जामखेडमध्ये सुटलेला प्रश्न अकोले तालुक्यात पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागतो. फॉन्ट बनवणारा त्या गटात नसल्यामुळे दोष दुरुस्तही होत नाही. त्याला बगल देण्याची युक्ती तेवढी पसरते. 'ते अक्षर येत नाही ना, मग दुसरा फॉन्ट घ्या.' मोझिला आणि लिब्रेऑफिस यांसारख्या प्रकल्पांच्या दोषनोंदवह्या आजही कोणालाही खुल्या आहेत, आणि १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर चर्चेच्या पानाचे नावच 'चावडी' आहे. तेथे तर इंग्रजीचीही अट नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे बरेच आहे. संगणकाच्या तक्त्यात म्हणजे स्प्रेडशीटमध्ये एका घरात 'कऱ्हे' टंकावे आणि शेजारच्या घरात शब्दाची लांबी मोजणारे 'लेन' हे सूत्र द्यावे. मुलांनी आपापल्या मोबाइलवरून तोच शब्द पाठवावा आणि खालच्या घरांत चिकटवावा. कोणाचा पाच येईल, कोणाचा सहा. रफारवाल्या 'कर्हे'ची लांबीही पाचच भरते, म्हणून आकडा आणि डोळा दोन्ही वापरावे लागतात. र खाली नुक्ता वेगळा टंकून पाय मोडला तर तिसरा प्रकार मिळतो, तोही सहाचा. पण तो आणि पहिला प्रकार एकच समजावा असे मानकातच सांगितलेले आहे. पहिल्या दोन वाटांबद्दल तसे सांगितलेले नाही, म्हणून कार्यक्रमांनी आपणहून दोन्ही स्वीकारायला शिकावे लागते.

त्यानंतर 'ॲसिड' हा शब्द घ्यावा. त्यातल्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक, २४१८, मिळाला तो २००८ च्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी तो अ (२३०९) आणि चंद्र (२३७३) असे दोन तुकडे जोडून लिहावा लागे, आणि त्या काळातला मजकूर अजून तसाच आहे. शाळेच्या जुन्या फायलीत रसायनशास्त्राची प्रश्नपत्रिका असेल तर तिच्यातला 'ॲसिड' आज नव्याने टंकलेल्या शब्दाने शोधून पाहावा.